सड्यावरची अंजनी

फिलोमिनाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी माझ्या चिरेखाणीच्या काठावर उभा होतो. महिना उलटला, तरी हे सांगायची लाज जात नाही... आज सांगतोच.

बाईंनी मला चौथीत शिकवलं आणि पुढे पन्नास वर्षं कुंपणापलीकडून ओरडून शिकवतच राहिल्या. चैत्रात सगळी शाळा आमच्या सड्यावर घेऊन जायच्या. त्या कातळाला आम्ही उजाड म्हणायचो. डोंबलाचं उजाड! भेगांतल्या मूठभर मातीत कमरेएवढ्या अंजनी उभ्या, बारमाही हिरव्यागार, आणि त्या दिवसांत फांदीफांदीला जांभळी-निळी फुलं लगडलेली. "देवराईत ही उंच वाढता, हयसर वाऱ्यान खुरटता. पण जागा सोडता काय बघा!" असं म्हणून बाई स्वतःच खूश व्हायच्या. फूल तोडलं की मात्र कान पिळायच्या.

गावात खाणवाले चिऱ्यांसाठी सडे मागत फिरू लागले तेव्हा बाईंनी मला अडवलं. "विनू, तू सही करतलंस?"

"नाय करूचंय, बाई," मी म्हटलं. आणि सहा महिन्यांत केली. पोरांना नवं घर हवं होतं. मलाही हवं होतं, उगाच पोरांवर कशाला ढकलू?

मग बाई अंथरुणाला खिळल्या. भेटायला गेलो की एकच धोशा, "माका एकदा सड्यार ने रे." रस्ता खराब आहे, ऊन फार आहे... मी मेल्याने थापांवर थापा मारल्या. शेवटी वेंगुर्ल्याच्या नर्सरीतून बहरलेली अंजनी आणली, तिची फांदी मोडली आणि "सड्यावरची आसा" म्हणून त्यांच्या हातात दिली. बाईंनी फुलांकडे पाहिलंच नाही. एक पान तेवढं दोन बोटांत चोळलं.

"ही सावलेतली. वाऱ्यातला पान असा मऊ नसता." मग डोळे मिटून विचारलं, "खाण किती खोल गेली?"

"पुरुषभर," मी म्हणालो. त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आठव्या दिवशी गेल्या.

चर्चमागे त्यांचं थडगं बांधायचं ठरलं. गोव्याहून आलेल्या भाच्याला बिचाऱ्याला काय माहीत! "अंकल, खाण तुमचीच न्ही? चिरे थंयसूनच हाडुया." मला नाही म्हणता आलं नाही. चिरे मी स्वतः निवडून दिले. एकाच्या भेगेत अंजनीचं वाळकं मूळ अडकलं होतं. गवंड्याने ते तासून काढलं.