रेगेन्सबुर्गच्या पुलावर

इथे आखातात आम्ही राहतो त्या अल मजाजमध्ये तळ्याकाठी हल्ली थंडीत साखरेत परतलेले दालचिनीचे बदाम मिळतात, आणि तो वास आला की मी रस्ता बदलते. तीन वर्षांपूर्वी लग्नाची पंचवीस वर्षं झाली म्हणून नवरा, मुलगी आणि मी डॅन्यूब नदीवरच्या क्रूझला गेलो होतो. एका सकाळी बोट रेगेन्सबुर्ग या जुन्या शहराला लागली. नदीवर जुना दगडी पूल, पलीकडे चर्चचे काळपट मनोरे, ओल्या फरशीच्या अरुंद गल्ल्या, चौकात तांब्याच्या मोठ्या कढईत बदाम भाजणारा माणूस. रोमिंग फक्त नवऱ्याच्या फोनवर होतं. तो त्या दिवशी फार हळुवार वागत होता. न मागता त्याने बदामांचा पुडा घेतला, माझा मफलर नीट केला, पुलावर उभं करून फोटो काढले. मी हसत होते. संध्याकाळी केबिनमध्ये तो म्हणाला, "तुझी अम्मी गेली. सकाळीच रत्नागिरीहून तुझ्या भावाचा फोन आला होता. दुपारी असरच्या नमाजानंतर दफनही झालं." मी मुलीकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं. "मम्मा, वी डिडन्ट वॉन्ट टू स्पॉइल युअर डे," ती पुटपुटली. "सांगून काय झालं असतं? तू वेळेत पोचणार होतीस का?" नवरा समजावत राहिला. नसतेच पोचले. पण अम्मीला मातीत ठेवत होते, तेव्हा मी दुआ मागत बसले असते, फोटोसाठी हसत उभी राहिले नसते. आजही त्याने प्रेमाने खांद्यावर हात ठेवला, की माझ्या तोंडून आधी निघतं, "कोणाचा फोन आला होता?"