वीसचे बत्तीस

तार दुपारी सव्वादोनला आली. त्याआधी, सकाळी दहापासून, तीन ड्रायव्हर माझ्या कचेरीच्या दारात येऊन सांगून गेले होते. "साहेब, रंगनाथभाऊ गेले. भूमच्या स्टँडवर." तिसरा तर मला ओळखतही नव्हता, ह्या कचेरीत रंगनाथभाऊंचे साडू असतात, एवढंच त्याला कुणीतरी सांगितलं होतं. गाडी स्टँडला लावली, हातब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, समोरच्या हॉटेलातल्या बाकावर येऊन चहा सांगितला आणि छातीत कळ आली... तिघांच्या सांगण्यात कणभरही फरक नव्हता. मला रडू आलं नाही. खरं तेच लिहितो. पहिला विचार मनात आला तो असा, की मी गेलो तर सांगायला किती जण धावतील? मी बोटांवर मोजूही लागलो. एका हाताची बोटं पुरून उरली.

ह्या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. रंगनाथ माझा साडू. माझी बायको सुशीला थोरली, तिची धाकटी बहीण कमल रंगनाथला दिलेली. मी मॅट्रिक झालेला, उस्मानाबादला रस्त्यांच्या कामाच्या कचेरीत कारकून. तो चौथीपर्यंत शिकलेला, तेही उर्दूतून. निजामाच्या राज्यात मालट्रकवर क्लीनर म्हणून लागला आणि पुढं बसचा ड्रायव्हर झाला. सासरी मान माझा असायला हवा होता, आणि पहिली तीन वर्षं तो होताही. मग कमलचं लग्न झालं. आमचे सासरे, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, येडशीजवळच्या गावात राहतात. रंगनाथची तुळजापूर-बीड गाडी त्यांच्या गावावरून जायची. माझ्याशी मामा पाऊसपाणी बोलत, कोर्टाचे कागद दाखवत. लांबून रंगनाथचा हॉर्न ऐकू आला, की बोलणं अर्ध्यावर टाकून ते पायताण शोधायला लागत. गाडी थांबायची ती जेमतेम दोन मिनिटं. तेवढ्या दोन मिनिटांसाठी सत्तरीचा माणूस उन्हात फाट्यापर्यंत चालत जायचा. मी चार चार दिवस राहायचो, माझ्यासाठी कुणी उंबऱ्याबाहेर आल्याचं आठवत नाही. त्या रस्त्यावर 'नऊची गाडी' असं कुणी म्हणतच नसे. 'रंगनाथची गाडी' म्हणत. त्याच रस्त्यावरच्या मैलाच्या प्रत्येक दगडाची नोंद माझ्या हातची होती, पण माझ्या नावानं एकही दगड ओळखला जात नव्हता.

सुशीलाला तिसऱ्या खेपेचा सातवा महिना होता तेव्हाची गोष्ट. मी तिला माहेरी पोचवायला निघालो होतो. स्टँडवर एक गाडी लागली, ती उठेना. दुसरी लागली, तरी उठेना.

"ह्या गाडीला काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. मी रंगनाथभाऊजींच्या गाडीनं जाईन. त्यांच्या गाडीत पोटातलं पाणी हलत नाही."

"अगं, मी आहे ना बरोबर?"

"तुम्ही बरोबर आहात, पण गाडी थोडीच तुम्ही चालवताय?"

एक तास चाळीस मिनिटं आम्ही स्टँडच्या बाकावर बसलो. गाडी आली, तेव्हा मी मुद्दाम ड्रायव्हरच्या मागची जागा धरली, मनगटावरचं घड्याळ पुढं घेतलं आणि मैलाचे दगड मोजायला सुरुवात केली. ह्या माणसाची एक तरी चूक मला त्या दिवशी हवी होती. मोकळ्या रस्त्यावर मैलाला दोन मिनिटं. म्हणजे ताशी तीस मैल. गावाच्या हद्दीत वीसची पाटी आली की मैलाला तीन मिनिटं. पुन्हा मोकळा रस्ता, पुन्हा दोन मिनिटं. अकरा मैल मोजले आणि अकराही मैलांत पाच-सात सेकंदांपलीकडे फरक सापडला नाही. मागून एक बागायतदार ओरडला, "ओ ड्रायव्हर, ह्याच्यापरीस आमची बैलगाडी बरी!" रंगनाथनं मान न वळवता सांगितलं, "मग उतरा की पाटील. बैलगाडी मागनं येतीय. तिला माझा बी रामराम सांगा." सगळी गाडी हसली. सुशीलाही हसली. मग त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "अण्णा, घड्याळ सारखं बघताय, बंद पडलंय काय?" गाडी पुन्हा हसली. मी घड्याळ बाहीखाली घेतलं.

उतरल्यावर मी त्याला विचारलं, की रस्ता मोकळा, इंजिन चांगलं, लोक घाईत. मग दोन-चार मैल वाढवले तर कुणाचं काय बिघडतं? तो काच पुसत होता. म्हणाला, "गाडीतली पन्नास माणसं माझी हायत, ह्ये सगळेच म्हणत्यात. त्यांनी तिकीट काढलंय. पण रस्त्यावरनं डोईवर पाटी घेऊन चाललेल्या बाईनं तिकीट काढलं न्हाय, म्हणून ती माझी न्हाय व्हय?" मला त्या बोलण्याचा रागच आला, कारण मामा शेजारी उभे होते आणि त्यांनी ते ऐकलं होतं.

पुढं मैल गेले आणि किलोमीटर आले. रस्त्यावरचे दगड बदलायचे, वेगाच्या पाट्या बदलायच्या, असा हुकूम होता. आमच्या कचेरीत आकड्यांचं काम असलं की ते माझ्याकडंच येई. मी तक्ता केला: गाव, जुना आकडा, नवा आकडा. वीस मैलांचे बत्तीस किलोमीटर, तीसचे अठ्ठेचाळीस. तीन वेळा तपासला. एकही आकडा चुकीचा नव्हता. पण तक्ता करताना कारकून जे करतो तेच मी केलं, 'कि. मी.' ही अक्षरं रकान्याच्या डोक्यावर एकदाच लिहिली आणि खाली नुसते आकडे उतरवले. पेंटरला रकान्याचं डोकं काय कळणार? त्याला ओळी दिसल्या. जिथं 'वेग २०' होतं तिथं त्यानं 'वेग ३२' रंगवलं आणि पुढच्या गावाला गेला. गाड्यांतले वेगाचे काटे सगळे मैलांचेच होते. ड्रायव्हर लोकांना वाटलं, सरकारनं मर्यादा वाढवली. दाट वस्तीतून मालट्रक बत्तीस मैलांनी जाऊ लागले.

पाटी बदलल्याच्या दुसऱ्याच दिवशी रंगनाथ घरी आला. बसला नाही, दारातच उभा राहिला. "अण्णा, तेरखेड्याच्या अलीकडं ईसची पाटी व्हती, तिचं बत्तीस झालं. पाटी बदलली, पण रस्ता तर तेवढाच हाय. बाजाराच्या दिशी फटाक्यांच्या पेट्यांच्या गाड्या बी तितल्या तिथंच उभ्या ऱ्हात्यात. मग ह्ये बत्तीस कसं काय?"

एका क्षणात माझ्या लक्षात आलं. तक्ता, रकाना, पेंटर... सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं. 'माझ्याकडून राहून गेलं', एवढं म्हणायचं होतं. स्वयंपाकघरातून सुशीला ऐकत होती. मी म्हणालो, "वरून आलं असेल."

"वरनं?" त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "बरं. मी आपला ईसनंच जातो."

तो वीसनंच जात राहिला. बाकीच्या गाड्या लवकर पोचू लागल्या, तेव्हा डेपोतल्या वरच्या साहेबांनी वेळापत्रकातली दहा मिनिटं कापली. कापलेल्या वेळेत फक्त एकच गाडी पोचेना. मेमो आला: पाटीवर बत्तीस असताना आपण वीसने का चालवता, खुलासा करावा. त्यानं खुलासा केला, की रस्ता तेवढाच आहे. तो खुलासा कुणी मानणार नव्हतं. माझ्या कचेरीतून दोन ओळींचं पत्र गेलं असतं, की आकडा किलोमीटरचा आहे, तर तिथल्या तिथं निकाल लागला असता. मसुदा माझ्या डोक्यात तयार होता. पण त्याच आठवड्यात मामांनी मला एकट्याला बोलावून घेतलं. "रंगनाथ जरा हट्टी हाय. तुम्ही थोरले, कायद्याचं जाणता, समजवा त्याला." त्या दिवशी मामा मला सोडायला फाट्यापर्यंत चालत आले. मी त्या चालण्याला भाळलो. पत्र गेलं नाही.

पाटी बदलल्यापासून तेविसाव्या दिवशी एका मालट्रकनं तेरखेड्याच्या अलीकडं बैलगाडीला मागून धडक दिली. एक बैल जागेवर मेला, गाडीवानाचा पाय मोडला. मी दुसऱ्या दिवशी पेंटरला गाठलं आणि त्याच्यामागं सायकलवर फिरून प्रत्येक पाटीवर 'कि. मी.' घालून घेतलं. फायलीत कारण लिहिलं: रंग फिका झाल्याने. आधी ती अक्षरंच नव्हती, हे कुठल्याच कागदावर आलं नाही. पुढं वेळापत्रकही पूर्ववत झालं. पण तोवर वेळ न पाळणारा ड्रायव्हर म्हणून रंगनाथची बदली भूमकडच्या आडरस्त्यावर झाली होती, मुक्कामी गाडीवर. कमल तुळजापुरात, तो भूमला; आठवड्यातून एकदा घरी. अशी पाच वर्षं गेली. बदली रद्द करायला एक कबुली पुरेशी होती आणि ती माझ्याकडं होती. मी दर वर्षी ठरवायचो. दर वर्षी काहीतरी ऐकू यायचं: भूमच्या बाजाराला बायका त्याच्याच गाडीसाठी थांबतात, कुणाच्या तरी बारशाला त्याला मांडीवर पोर देऊन बसवलं... आणि मला वाटायचं, ह्याला तिथंही काय कमी आहे? एका लग्नात तो मला म्हणाला, "अण्णा, भूमची माणसं लई चांगली हायत." टोमणा असेल म्हणून मी त्याचा चेहरा न्याहाळला. टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

तेराव्याला तुळजापूरच्या त्याच्या घरी सगळे जमले होते. मामा पाहुण्यांना सांगत होते, की माणूस सोन्याचा, पण ऐकायचा नाही. थोरल्या जावयानं समजावलं होतं, तेव्हा ऐकलं असतं तर शेवटी घरात तरी असता. मला ते बसून ऐकवेना.

"मामा," मी म्हणालो, "तो बरोबर होता. आकडा किलोमीटरचा होता. पाटीवर लिहायचं माझ्याकडून राहिलं होतं."

मामांनी विचारलं, "तुम्हाला हे कवा कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

ते तोंड फिरवून म्हणाले, "हात धुवा. पानं वाढलीत."

पंगत उठल्यावर कमल आली आणि "दाजी, जरा आत या," म्हणाली. स्वयंपाकघराच्या दारामागं, चुलीच्या धुरानं काळवंडलेल्या भिंतीवर, कोळशानं मांडलेला हिशेब होता. आकडे उर्दू होते. मीही निजामाच्या शाळेत शिकलेला, मला वाचता आले. नवे दगड आणि जुने दगड काही दिवस रस्त्यावर शेजारी शेजारी उभे होते. ते मोजून त्यानं पाच मैलांना आठ किलोमीटर हे प्रमाण काढलं होतं, आणि त्यावरून बत्तीसला वीस.

"पाटी बदलली त्याच सांजेला मांडलाय," कमल म्हणाली.

"मग दुसऱ्या दिवशी तो मला विचारायला कशाला आला होता?"

"मला म्हणले, अण्णांच्या हातनं राहून गेलंय. आपण चूक दाखवली तर त्यांस्नी लागंल. नुसतं इचारलं की त्यांच्या ध्यानात येतंय, मग आपण होऊन सांगतील." तिनं दार पुरतं बाजूला ओढलं. "लई दिवस वाट बघितली त्यांनी, दाजी."

मी भिंतीपाशी उभा राहिलो आणि तो हिशेब वरून खाली तपासला. मग खालून वर तपासला. एक तरी चूक निघावी म्हणून तिसऱ्यांदाही बघितला... हिशेब बरोबर होता. आणि प्रत्येक आकड्यापुढं, एकही ओळ न सोडता, त्यानं मैल की किलोमीटर ते लिहून ठेवलं होतं.