बदामी फियाटवरचं स्वस्तिक

जयसिंगराव मोहित्यांनी जन्मात स्वतःची सायकलसुद्धा घेतली नाही. पण मिशन रोडवरच्या त्या शोरूममधून एकोणीसशे चोपन्नपासून जी जी नवी मोटार बाहेर पडली, तिच्या अंगावरून शेवटचा हात फिरला तो त्यांचाच. ते तिथले पॉलिशवाले. अंगात खाकी डगला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात फलालीनचं फडकं. घराणं म्हणाल तर तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर बेंगळूरला आलेलं. तलवारी गेल्या, घोडे गेले, उरलं आडनाव आणि घरात बोलायची मराठी. आणि घरात बोलायला तरी कोण होतं? बायको सकवारबाई एक्कावन्न साली गेली. मूलबाळ नव्हतं. चिकपेटच्या मागच्या गल्लीतल्या त्या दोन खोल्यांत जयसिंगराव कधी स्टोव्हला ‘पेट की रे बाबा’ म्हणायचे, तेवढीच काय ती मराठी.

आता त्या काळी नवी मोटार मिळणं म्हणजे काय होतं, ते सांगायला हवं. नंबर लावायचा आणि विसरून जायचं. पाच वर्षं, सहा वर्षं. मुलगी लग्नाला येई, तरी गाडी येत नसे. एवढं थांबलेला माणूस एकदाचा किल्ली घ्यायला आला की त्याच्या गळ्यात काहीही मारता येतं. बोहल्यावर उभा राहिलेला नवरा कधी फुलांचा भाव करतो का? शोरूमचा मॅनेजर हयवदन हे पक्कं जाणून होता. तो गिऱ्हाइकाला खुर्ची देई, कॉफी मागवी आणि हळूच सांगे, “सर, कंपनीचा रंग कंपनीचा. त्यावर आमचा खास लेप देतो. ऊन नाही, पाऊस नाही, डाग नाही. जन्माची काळजी मिटली.” वर एक छापील कार्ड. दर सहा महिन्यांनी गाडी घेऊन या, लेप फुकट तपासून देऊ.

लेप कसला डोंबलाचा. मेण, थोडं टर्पेंटाइन आणि वास चांगला यावा म्हणून निलगिरीचे चार थेंब. जयसिंगरावांना ठाऊक होतंच, कारण डब्यात ते स्वतःच भरायचे. मनातल्या मनात ते त्याला वज्रलेप म्हणत. देवळातल्या झिजलेल्या मूर्तीला देतात तो वज्रलेप निदान मूर्तीला धरून राहतो, हा चार पावसांत गटारात जायचा. मग बोलले का नाहीत? पोट होतं, हे एक. आणि दुसरं म्हणजे कुणी विचारलंच नाही. अकरा वर्षांत हयवदनला हजार जणांनी विचारलं, ‘हे घ्यावं का हो?’ पण ज्याच्या हातात फडकं होतं त्याला एकानेही विचारलं नाही. शहाण्या माणसांची रीतच असते ती.

बासष्टच्या दसऱ्याला अप्पासाहेब निपाणीकरांची बदामी रंगाची फियाट आली. हे बेळगावकडचे गृहस्थ, सरकारी इंजिनिअर, चामराजपेटेत बंगली बांधून राहिलेले. बरोबर पत्नी वसुमतीबाई. आयुधपूजेचा दिवस, म्हणून शोरूमच्या अंगणातच पूजा मांडली. चाकांखाली लिंबं ठेवली, झेंडूची माळ घातली. अप्पासाहेबांनी तेलात कुंकू कालवलं आणि बॉनेटवर बोटाने स्वस्तिक काढायला घेतलं. त्यांचं ते बोट कधीतरी मोडून वाकडं बसलेलं. त्यामुळे स्वस्तिकाचा एक हात जरा घसरलाच. बाई म्हणाल्या, “अहो, वाकडं झालं. पुसून परत काढा.” ते म्हणाले, “राहू दे गं. चोरीला गेली तर ओळखायला बरी.” तबक धरून जयसिंगराव शेजारी उभे होते, तेही हसले. खूप दिवसांनी कुणीतरी त्यांच्यासमोर मराठीत थट्टा केली होती.

अप्पासाहेब संक्रांतीच्या आतच गेले. बसल्या जागी, हार्ट.

एप्रिलात कार्डावरची तारीख आली आणि बाई गाडी घेऊन आल्या. ड्रायव्हर मल्लाप्पा चालवत होता. जयसिंगरावांनी सवयीने फडकं बॉनेटकडे नेलं तर बाई पुढे झाल्या. “अण्णा, तेवढं ठेवा. बाकी सगळं करा.” स्वस्तिक तिथंच होतं. कुंकवाचा रवा कधीच उडाला होता, पण तेलाबरोबर रंग बदामी पत्र्यात उतरून बसला होता. वाकडा हात तसाच वाकडा. बाई खाली बघून म्हणाल्या, “कपाळावरचं गेलं. हे तरी राहू दे.”

 जयसिंगरावांनी आतून स्टूल आणलं, फडक्याने पुसलं आणि बाईंना सावलीत बसायला दिलं.

तेव्हापासून ती रीतच पडली. एप्रिल आणि ऑक्टोबर. बाई स्टुलावर बसायच्या, जयसिंगराव गाडी घोटायचे. फ्लास्कमधली कॉफी बाई झाकणात ओतून त्यांच्यापुढे करायच्या. बोलणं काय, तर साधंच. चामराजपेटेत वांगी कशी मिळतात, बेळगावची वांगी कशी असतात. मुलगा दिल्लीला, सून पंजाबी, पत्र इंग्रजीत येतं. “घरात मराठी बोलायला कोणी उरलं नाही हो अण्णा. मल्लाप्पाशी कन्नड, डॉक्टरांशी इंग्रजी. कधी कधी देवाला मोठ्याने हाक मारते, आपलाच आवाज ऐकायला.” जयसिंगराव म्हणाले, “आमचं पण तसंच अक्का. स्टोव्हशी बोलतो स्वल्प.” त्यावर बाई हसल्या. अख्ख्या वर्षाचा शिधा मिळाल्यासारखं झालं जयसिंगरावांना.

खोटं कशाला बोला, माणूस त्या दोन तासांवर जगू लागला. काय बोलायचं ते महिनामहिना आधी जमवून ठेवायचा. रस्त्यात काही गमतीचं दिसलं की मनात गाठ मारायचा, हे अक्कांना सांगायचं. हयवदनच्या त्या खोट्या लेपाचा त्यांना आधी संताप यायचा. आता तेच कार्ड, तीच तारीख त्यांना देवाच्या प्रसादासारखी वाटायला लागली. दोन दिवस आधीपासून ते स्टूल घासून ठेवायचे.

पण जयसिंगरावांचा हात जाणता होता आणि जाणत्या हाताला फसवता येत नाही. चौसष्टच्या ऑक्टोबरातच त्यांच्या ध्यानात आलं होतं की स्वस्तिक बारीक होतंय. ऊन खातंच म्हणा, हळदीचं कुंकू उन्हात टिकत नाही. पण कडा? ऊन रंग फिका करतं, कडा कुरतडत नाही. स्वस्तिकाच्या भोवतीनं ते कितीही जपून घोटत, तरी टर्पेंटाइनने ओलं झालेलं फडकं कुठेतरी केसभर आत जायचंच. दर खेपेला केसभर. फडक्यावर फिकट गुलाबी डाग यायचा. तो ते घडी आत घालून लपवायचे. लाज वाटायची, पण सांगवत नव्हतं. सांगितलं तर त्या येतील कशाला?

पासष्टच्या ऑक्टोबरात बाई आल्या तेव्हा वाकडा हात निम्मा उरला होता. हयवदनने लांबूनच हेरलं आणि पुढे आला. “अम्मा, काळजी नको. आता नवीन डबल कोट आलाय. आधी सगळी बॉडी पावडरने घासून साफ करायची, मग दोन लेप. खाली आहे ते तसंच्या तसं राहील, जन्मभर.” एवढं बोलून तो फोन घ्यायला आत गेला. घासून साफ केल्यावर खाली राहणार काय, हा विचार त्याच्या डोक्याला शिवलाही नसावा.

बाई स्टुलावर बसल्या. कॉफी ओतली नाही. म्हणाल्या, “अण्णा, मॅनेजर म्हणतात ते मला कळत नाही. तुमच्या हातचं काम आहे. तुम्ही सांगा. देऊ का लेप? राहील का हे खाली?”

अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं.

जयसिंगरावांना ‘राहील’ एवढंच म्हणायचं होतं. पावडर ते हलक्या हाताने मारू शकले असते. स्वस्तिक आणखी दोन वर्षं रेटता आलं असतं, म्हणजे आणखी चार खेपा, चार वेळा कॉफी. पण त्यांना त्यांच्या घरातली भिंत आठवली. सकवारबाई कुंकू लावून झालं की बोटाला उरलेलं आरशाखालच्या भिंतीला पुसायची. वीस वर्षांचं कुंकू, हातभर तांबडा डाग. ‘भिंत घाण करतेस’ म्हणून ते रोज करवादायचे. ती गेल्यावर पहिल्या दिवाळीला, घर उजळायचं म्हणून, त्यांनी स्वतःच्या हाताने त्यावर चुना दिला. डाग वर येत होता म्हणून तीन हात दिले. तिसरा हात वाळला तेव्हा त्यांना कळलं आपण काय केलं ते. मग नखाने खरवडलं, पण चुनाच निघाला.

ते म्हणाले, “अक्का, राहणार नाही.”

बाईंनी हातातला फ्लास्क खाली ठेवला.

“हा लेप नव्हेच. मेण आहे, मीच कालवतो. चिकपेटेत कुठल्याही दुकानात मिळतं. नव्या गाडीला कंपनीचा रंग पुरतो, त्याला आमची गरज नाही. सावली द्यायची, साध्या पाण्याने धुवायची, कोरडी धूळ पुसायची नाही, पाखराची घाण पडली तर लगेच ओल्या कापडाने टिपायची. झालं. एवढ्यावर रंग वीस वर्षं राहतो.” त्यांनी खिशातलं फडकं काढलं आणि घडी उलगडली. आत गुलाबी डाग होता. “आणि हे बघा. ऊन थोडं खातंय, पण जास्त मीच पुसतोय. दर खेपेला. इथं आणाल तितकं जाईल.”

बाईंनी फडकं हातात घेतलं. डागावरून बोट फिरवून बघितलं. जयसिंगरावांना वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मग काय करू?” त्यांनी विचारलं.

“मांडव घाला झावळ्यांचा. बॉनेटवर जुनं मऊ लुगडं टाका. आणि त्याला कुणाचा हात लागू देऊ नका. माझासुद्धा.”

“म्हणजे इथं आणायचीच नाही.”

“नाही आणायची, अक्का.”

बाईंनी फडक्याची घडी घातली आणि पिशवीत ठेवली, परत दिली नाही. म्हणाल्या, “उपकार झाले अण्णा.” मल्लाप्पाने गाडी काढली. फ्लास्क तसाच भरलेला गेला. हयवदन बाहेर येऊन म्हणाला, “काय झालं? पार्टी गेली?” जयसिंगराव म्हणाले, “नको म्हणाल्या.”

एप्रिल आला. जयसिंगरावांनीच नको म्हणून सांगितलं होतं, तरी त्यांनी स्टूल घासलं. मन मोठं लबाड असतं, आपणच लावलेलं कुलूप हलवून बघतं. आठवडाभर स्टूल अंगणात राहिलं, मग त्यावर कुणीतरी ग्रीसचा डबा ठेवला. कार्ड होतं म्हणून बाई त्यांच्याकडे येत होत्या. त्यांनी बाईंकडे जायचं असं कार्ड कुणी छापलं नव्हतं. विधवा बाईच्या दारात पॉलिशवाल्याने उभं राहायचं ते कुठल्या कामासाठी?

पण सहासष्टच्या आयुधपूजेला, सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी, धोतर, कोट आणि काळी टोपी घालून ते फिरत फिरत चामराजपेटेत गेले. फिरत फिरत म्हणायचं आपलं. घर शोधायला तासभर लागला.

फाटक उघडं होतं. झावळ्यांचा मांडव होता, त्याखाली फियाट उभी होती. पूजेसाठी लुगडं काढून बाजूला ठेवलेलं, चाकाला झेंडू. आणि रंग! चार वर्षांची गाडी, पण त्यांच्या मेणाने कधी दिसली नव्हती इतकी नितळ दिसत होती. स्वस्तिक होतं. वाकडा हात निम्मा होता, त्यानंतर केसभरही कमी झाला नव्हता. कुणीतरी सांगितलेलं अक्षर न अक्षर पाळलं होतं. जयसिंगरावांना फार बरं वाटलं आणि त्याच क्षणी फार वाईटही वाटलं, कारण आता या गाडीला त्यांचं काहीच काम उरलं नव्हतं.

बॉनेटच्या कडेला कावळ्याची ताजी घाण पडली होती. ते आत गेले, बागेतल्या नळावर रुमाल भिजवला आणि हलकेच टिपून घेतली.

“यारदु?” वरच्या गच्चीतून आवाज आला. कोण आहे तिकडे, असं कन्नडात. वसुमतीबाई कठड्याशी उभ्या होत्या. उजेड मावळत आलेला, डोळ्यांवर चष्मा नव्हता. खाकी डगला आणि डोक्याचा टॉवेल सोडून त्यांनी जयसिंगरावांना कधी बघितलं नव्हतं.

वर्षभराचं बोलणं जयसिंगरावांच्या तोंडाशी आलं. मग फाटकाबाहेरून दोन बायका जाताना दिसल्या, आणि आपण इथं का आलो याचं एकही धड उत्तर त्यांना सापडेना. त्यांनी मान खाली घातली आणि कन्नडातच सांगितलं, “कुणी नाही अम्मा. पाखराने घाण केली होती, पुसली.”

“सरी,” म्हणजे बरं, बाई म्हणाल्या. आणि मग घाईने, कन्नडातच, “पण ते तांबडं आहे ना, त्याला हात लावू नका हं. चालत नाही. आमच्या जयसिंगअण्णांनी सांगून ठेवलंय.”

“नाही लावत,” ते म्हणाले.

फाटक त्यांनी नीट ओढून घेतलं. चिकपेटची गल्ली येईपर्यंत वर्षभर साठवलेलं सगळं त्यांनी चालता चालता बोलून टाकलं. वांग्यांचं, हयवदनचं, स्टुलाचं. मराठीत. येणारे जाणारे बाजूला होऊन त्यांना वाट देत होते.