शुक्रवारी, वेळ उरला तर

"मावशी, इकडं या जरा," काकांनी हाक मारली. हात पुसत मी बाहेर आले. सोफ्यावर तीन पाहुणे, हातात मी केलेला चहा. "या आमच्या भांडीवाल्या. यांचा कायदा येतोय विधानसभेत. आठवड्याला सुट्टी पाहिजे यांना!"

पाहुणे खो-खो हसले. त्यातल्या एक बाई म्हणाल्या, "मग त्या दिवशी भांडी कोण घासणार, आमदार?"

मीही हसले. त्याची लाज अजून जात नाही.

कसब्यातल्या त्या घरी आठ वर्षं रोज गेले. सुट्टी एकच, आई गेली तेव्हा. तीही दुपारपर्यंत. काकांचा फोन आला, "उरकलं ना? मग या." गेले. रडत भांडी घासली. म्हणून तर आम्ही बायका आमदारांच्या मागं लागलो, सह्या गोळा केल्या. त्यांनी विधेयक मांडलं. शुक्रवारी चर्चा आहे, असा निरोप आला.

काका विधिमंडळाच्या कचेरीतून रिटायर झालेले. कुठल्या दिवशी काय कामकाज, ती यादी त्यांच्या टेबलावरून जायची. मी शुक्रवारची सुट्टी मागितली तर म्हणाले, "अहो, सरकारची विधेयकं आधी. एकट्या आमदाराचं असलं की शुक्रवारी, शेवटचे दोन-अडीच तास. तेही चिठ्ठीत नंबर लागेल तसं. तुमचा कितवा?"

"चौदावा."

"मग हवापालट करून या. चौथ्याच्या पुढं गेलेलं मी तरी पाहिलं नाही."

तरी पहाटेच्या गाडीनं मुंबईला गेले. सकाळपासून विधानसभेच्या वरच्या प्रेक्षक गॅलरीत बसले. सरकारची विधेयकं चालली होती. एक तर कुणी चकार शब्द न काढता, मी पदर सारखा करेपर्यंत पास. मग आमदारांची पाळी आली. मंत्री म्हणायचे, सरकार विचार करेल. आमदार म्हणायचे, मागं घेतो. असे तीन नंबर झाले आणि सभागृह उठलं. आमच्या आमदारांची खुर्ची तर चारलाच रिकामी झाली होती.

शनिवारी काकांनी दार उघडलं. "झाला कायदा? कालची भांडी ठेवलीत तुमच्यासाठी."

ओट्यावर ढीग. ताटांना शितं वाळून चिकटलेली. नळ सोडला. माझं डोकंच सणकलं. नळ बंद केला आणि बाहेर आले.

"काका, यादी कोण करतं ते बघून आले. आता माझी मी करणार. शुक्रवारी मी येणार नाही. कुठल्याच शुक्रवारी."

"मग दुसरी बघतो."

"बघा."

त्यांनी बघितली. ते काम गेलं. शुक्रवारी येणार नाही म्हटल्यावर आणखी एका घरानंही काढलं.

पुढच्या शुक्रवारी आम्ही सात जणी आमदारांच्या कचेरीच्या पायरीवर बसलो. त्यांचा माणूस म्हणाला, "मावशी, धीर धरा, लागेल नंबर."

नंबर नकोच आम्हाला. सरकारनं हे विधेयक स्वतःचं म्हणून आणावं, सकाळी, सगळे खुर्चीत असताना. तोवर शुक्रवारी कुणाचंही उष्टं ताट माझ्या हाताला लागणार नाही.