जोडा पायातच ठेवा

शुद्धीवर आले तेव्हा नाकाला जोडा लावलेला होता. काळा, चकचकीत पॉलिशचा. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी स्वतःच्या पायातून काढलेला. दिल्लीत, द्वारकेतल्या त्यांच्या नव्या फ्लॅटमध्ये माझा साखरपुडा चालला होता. ओटीतले तांदूळ गालिचाभर सांडलेले. माझ्या तोंडात रक्ताची चव. दारातून शेजारीण ओरडत होती, "और सुँघाओ जी, और!"

जोडा कोणी बाजूला घेईना.

मला शाळेपासून फिट यायच्या. गोळ्या सुरू झाल्या आणि फिट थांबल्या. आम्ही काहीच लपवलं नव्हतं. बाबा फौजेत हवालदार, सासरे सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झालेले. पहिल्याच भेटीत बाबांनी उभं राहून सगळं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "साखरपुड्याआधी गोळ्या बंद करा. रोज गोळ्या खाणारी सून आम्हाला नको." गुडगावच्या ऑफिसातला माझा पगार मात्र चालत होता.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, गोळ्या बंद करायचा विचार करता येईल, पण आधी तपासण्या, मग महिनोन्‌महिने थोड्या थोड्या कमी करत. एकदम कधीच नाही. हे मी सांगितलं तर सासरे हसले. "डॉक्टर लोग ऐसे ही बोलते हैं. हवालदार, मुलीला शिस्त नाही का?"

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "साहेब म्हणतात तर बंद कर." माझ्या मेंदूवरही साहेबांचाच हुकूम. गोळ्या एका दिवसात बंद झाल्या.

आणि आता तेच साहेब म्हणत होते, "फसवलंत आम्हाला."

बाबांनी हात जोडले. "माफी असावी, साहेब."

डोकं फुटत होतं, जीभ सुजली होती. पण त्या जोडलेल्या हातांची मला जोड्यापेक्षा जास्त चीड आली. जोडा ढकलून मी उठून बसले. "बाबा, हात खाली करा. तुम्ही ड्यूटीवर नाही."

नवरा मुलगा मोबाइलची बटणं दाबत होता. मी अंगठी काढून त्या तांदळात ठेवली.

गोळ्या परत सुरू झाल्या. फिटशिवायची काही वर्षं पुन्हा जाऊ देत, मग बघू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे सगळं पहिल्यापासून. तो राग अजून जात नाही.

गोळ्या कधी बंद करायच्या, कशा करायच्या, की करायच्याच नाहीत, हे त्या आणि मी ठरवू. कुणाच्या हॉलमध्ये ठरणार नाही. ऑफिसात मी गोळी डब्यासोबत, सगळ्यांसमोर घेते. शेजारी कुणी नवीन बसलं की आधीच सांगते: मला फिट आली तर कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. आणि जोडा पायातच ठेवा.