दुसऱ्याच्या बक्कल नंबरची दारू

रंगमंचावर मी सात वेळा फौजदार झालोय आणि सातही वेळा टाळ्या घेतल्यात. एरवी मी पोलीस खात्यातला साधा लिपिक. डहाणूच्या आमच्या ऑफिसात माझ्या टेबलामागे एक लोखंडी कपाट होतं. त्यात पोलिसांचे सेवापट असत. सेवापट म्हणजे पोलिसाची कुंडलीच: भरती कधी, बदली कुठे, बक्षीस कशाचं, शिक्षा कशाची. आमच्याकडे बक्षीस निळ्या शाईत लिहायचे, शिक्षा लाल शाईत. लिहायचं काम माझं. माझं अक्षर छापल्यासारखं आहे असं लोक म्हणायचे आणि मी त्यांना कधी थांबवलं नाही.

२०१४ला जिल्हा वेगळा झाला आणि आमच्या पोलिसांना नवे बक्कल नंबर, म्हणजे पट्ट्यावरचे ओळखीचे नंबर, मिळाले. मग जुन्या जिल्ह्यातून शिक्षांच्या आदेशांचे गठ्ठे येऊन पडले, सगळे जुन्या नंबरांचे. जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता होता; त्यात जुना नंबर शोधायचा, त्यासमोरचा नवा नंबर घ्यायचा आणि त्या माणसाच्या सेवापटात लाल ओळ लिहायची, एवढंच करायचं होतं. एका दुपारी मी हे करत होतो आणि चार वाजता तालीम होती. घड्याळ बघत, फौजदाराचे संवाद पुटपुटत मी शेवटचे आदेश उरकले आणि पळालो.

तीन वर्षांनी तो माणूस आला. तलासरीकडचा, नुकताच निवृत्त झालेला हवालदार. तारापूरकडच्या एका कारखान्याला सुरक्षा अधिकारी हवा होता. यालाच घ्यायचं असं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं, फक्त सेवापटाची प्रत मागवली होती. ती त्याने नेली, स्वतः पहिल्यांदाच वाचली आणि परत आला.

“साहेब, यात लिहिलंय मी ड्युटीवर दारू पिऊन सापडलो.”

“मग?”

“मी पीत नाही. आमच्या पाड्यावर मला लग्नालासुद्धा बोलवत नाहीत, मजा घालवतो म्हणून.”

मी ओळ बघितली. सुरेख, डौलदार, लाल. माझीच. तो गेल्यावर तक्ता काढला. त्या आदेशावरचा जुना नंबर मी तक्त्यात शोधलाच नव्हता. तोच नवा समजून, तो नंबर नव्याने मिळालेल्या या हवालदाराचा सेवापट थेट कपाटातून काढला होता. आदेशाच्या झेरॉक्समध्ये नाव अर्धं पुसट, आडनाव दोघांचं एकच. खऱ्या पिणाऱ्याचा सेवापट स्वच्छ राहिला होता आणि त्या स्वच्छतेवर त्याला बढतीही मिळाली होती.

आता तुम्ही म्हणाल, खोडा ती ओळ. लाल ओळ खोडायला वरच्या साहेबांचा आदेश लागतो. आदेशात चूक कोणाची ते लिहावं लागतं. ज्याची चूक, त्याच्या सेवापुस्तकात, म्हणजे लिपिकाच्या सेवापटात, शिक्षा. आणि माझी स्वतःची बढतीची फाईल त्याच महिन्यात वर गेलेली! अकरा वर्षं त्या खुर्चीची वाट बघितली होती मी. मी चेहरा गंभीर केला (तो मला उत्तम जमतो) आणि म्हणालो, “जुन्या जिल्ह्याला पत्र लिहितो. उत्तर येऊ दे.”

पत्र मी लिहिलं नाही. पण उत्तराची वाट बघायला तो रोज यायला लागला.

माझ्या समोर बाकडं, बाकड्यापलीकडे दार. मागे कपाट. चहाला जायचं तर त्याच्या गुडघ्यांना वळसा घालून जावं लागे, आणि तो अदबीने पाय आखडून घ्यायचा. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तीस वर्षं लोकांना ठाण्यात बसवून ठेवलेला माणूस तो. गप्प बसायचं कसं, हे त्याला शिकवायला नको. घरी आरशासमोर मी निरपराध माणसाचा अभिनय करून बघितला, तोही पडला.

दुपारी तो डबा उघडायचा.

“घ्या साहेब, नागलीची भाकर. बायको हल्ली आधी माझ्या तोंडाचा वास घेते, मग डबा देते.”

“अहो, तिचा विश्वास नाही तुमच्यावर?”

“तुमचा कागद आहे ना. सरकारी कागद खोटं कशाला बोलेल, म्हणते.”

मी मान खाली घालून भाकर खाल्ली. पलीकडच्या टेबलावरून आमच्या हेडक्लार्क बाई चष्म्यावरून बघायच्या. “नाटकवाले, तुमच्या त्या पत्राचं काय झालं?”

“येईल, बाई.”

“जावक नोंदवहीत दिसलं नाही मला.”

मी जोरात खोकलो.

कारखान्याने सोमवारपर्यंत मुदत दिली होती. शुक्रवारी संध्याकाळी हवालदार उठला आणि त्याने पिशवी खांद्याला लावली.

“साहेब, उद्यापासून येत नाही. घरी सांगून टाकतो की प्यालो होतो एकदा. म्हणजे तिचा प्रश्न तरी मिटेल. नोकरीचं जाऊ दे.”

तो दारापर्यंत पोचला. न केलेला गुन्हा हा माणूस बायकोपुढे कबूल करणार होता, आणि केलेला माझ्याने कबूल होत नव्हता. मी उभा राहिलो. मोठं भाषण मनात तयार होतं. तोंडातून आलं एवढंच: “थांबा. ती ओळ मी लिहिली. चुकून तुमच्या नावावर.”

तो वळला. येऊन पुन्हा बाकड्यावर बसला.

“पंधरा दिवस माझी भाकर खाल्लीत तुम्ही,” तो म्हणाला.

बाईंनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मी कबुली लिहिली, त्या ती घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. शनिवारी आदेश निघाला. हवालदाराची ओळ रद्द झाली, खऱ्या पिणाऱ्याच्या सेवापटात ती गेली, आणि सोमवारी दुरुस्त प्रत घेऊन हवालदार कारखान्यात गेला. घेतलं त्याला. मला आभार म्हणाला नाही, आणि बरोबरच होतं ते.

एक ओळ लिहायची राहिली होती. लिहिणारं टेबल माझंच. मी कपाटाच्या खालच्या खणातून माझं सेवापुस्तक काढलं आणि लाल पेनाचं टोपण उघडलं.

“नोंदी करताना निष्काळजीपणा,” बाईंनी मजकूर सांगितला. “आणि नाटकवाले, नीट बघा, कोणाचं पुस्तक उघडलंय.”

मी मुखपृष्ठावरचं नाव तीनदा वाचलं. माझंच होतं. मग सावकाश लिहायला घेतलं.