चमडी तुमची, हड्डी आमची

आमच्या नागपुराकडे लेकराला पहिल्यांदा बालवाडीत सोडताना आईबाप एक वाक्य हमखास बोलायचे. "बाई, चमडी तुमची, हड्डी आमची." म्हणजे सोला खुशाल, फक्त हाडं शाबूत परत द्या. सत्तरच्या दशकात वस्तीतल्या समाजमंदिरात मी बालवाडी चालवायची, आणि हे ऐकलं की माझं डोकं सणकायचं. अहो, लेकरू आहे की बकरं?

त्यातून मी स्वतः तापट. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, मारायचं नाही, ओरडायचं नाही, मुलाला रागासाठी शब्द द्यायचे. न ओरडता राहण्यात माझाच जीव जायचा. पण हात कधी उचलला नाही.

एक पोरगी होती, चार वर्षांची. तिची आई इतवारीत धान्याच्या दुकानात दाणे निवडायला जायची. पोरगी चावायची. बाप रे, कसली चावायची! ज्याच्या त्याच्या दंडावर तिचे दात. आई म्हणायची, "द्या ना एक ठेवून. मारल्याबिगर समजत नाही तिले." मी म्हणायची, "तुम्ही जा कामाला, मी पाहते."

रोज तेच. ती कोणावर धावली की मी मधे बसायची, तिचे हात धरायची आणि सांगायची, "राग आला ना? मग दातानं नाही, तोंडानं सांग." पावसाळा गेला, हिवाळा गेला. एक दिवस एका पोरानं तिचा मातीचा बैल मोडला. तिनं त्याचा हात धरला, तोंड उघडलं आणि थांबली. लालबुंद होऊन ओरडली, "मले राग येऊन राहिला!" पोरगा घाबरून बैल जोडत बसला. मला रडूच फुटलं. त्यानंतर ती कोणाला चावली नाही.

पुढे ती पहिलीत गेली, आणि थोड्याच दिवसांत तिची आई माझ्या दारात उभी. वर्गात शेजारी बसणाऱ्या पोरीच्या खोडीचा आळ हिच्यावर आला आणि गुरुजींनी पट्टी मारली. ही उभी राहिली आणि भर वर्गात म्हणाली, "मले राग येऊन राहिला." उलटून बोलते म्हणून गुरुजींनी पट्टी तुटेस्तोवर मारलं. घरी बापालाही तिनं तेच ऐकवलं. त्यानंही मारलं.

"चावत होती तेच बरं होतं, बाई," आई म्हणाली. "चावणारीले लोक भेतात तरी. तुमी तिले बोलाले शिकवलं आन् मार खाले लावलं."

मी तणतणत शाळेत गेले. गुरुजी म्हातारे, घसा बसलेला. म्हणाले, "एका खोलीत दोन वर्ग आहेत माझे. कोणाकोणाचा राग ऐकू?" मी चांगलं भांडायलाच आले होते, पण त्यांच्या मागे पोरं एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी कोंबलेली दिसली. ती भिंतीशी बसली होती. मला पाहून तिनं मान खाली घातली. तिच्या मनगटावर दातांच्या ताज्या खुणा होत्या, तिच्याच दातांच्या. त्या दिवशी मी हरले. असं वाटलं, आपण काय डोंबलाचं शिकवतो बालवाडीत?

दोनेक वर्षांनी ती धाकट्या भावाला घेऊन बालवाडीत आली. तो रडत होता, येत नव्हता. तिनं नुसता हात वर केला, तसं त्यानं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. मग आईसारखाच पदर सावरल्याचा आव आणून, फ्रॉकवरच, ती मला म्हणाली, "बाई, चमडी तुमची, हड्डी आमची."

"तू पण हेच म्हणतेस, वं?" मी विचारलं.

ती जायला वळली, परत आली आणि भावाला ऐकू जाऊ नये म्हणून माझ्या कानाशी लागली.

"बाई, ते रागाचं बोलणं त्याले नका शिकवू. मार पडते."